हिवाळ्यासाठी येण्याआधी, घराविषयी

ती. आई-बाबांस सा. न.

तुम्ही नोव्हेंबरात येताय आणि एप्रिलपर्यंत राहताय. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो ते अंधार पडल्यावरच परततो, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस हे घर तुमच्या हाती असणार. फोनवर तुटक तुटक सांगून काही लक्षात राहत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवते. बाबा, बॉयलरचा भाग खास तुमच्यासाठी आहे.

रेनर्स लेन हा लंडनच्या वायव्येला, हॅरोमधला भाग. रेल्वे आली आणि १९३० च्या दशकात इथल्या शेतजमिनीवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आपलं घर त्यातलंच. सेमी-डिटॅच्ड, म्हणजे शेजारच्या घराची आणि आपली एक भिंत सामाईक. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या आणि बाथरूम. बाहेरच्या भिंती विटांच्या दोन पदरांच्या, मध्ये पोकळी. जमीन मात्र खाली-वर दोन्हीकडे लाकडी, तुळयांवर ठोकलेल्या फळ्यांची. स्लॅब कुठेच नाही. हे आधी सांगते, कारण या घराची बहुतेक दुखणी पाण्यापासून आणि ओलीपासून सुरू होतात.

बाथरूमपासूनच बघा. इथे मोरी नाही. जमिनीला उतार नाही, पाणी जायला जाळी नाही. टबाबाहेर सांडलेलं पाणी कडेच्या फटीतून फळ्यांत उतरतं आणि खाली बैठकीच्या छताला पिवळा डाग पडतो. सारखं होत राहिलं तर छताचं प्लास्टर फुगून खाली येतं, वर तुळया कुजतात ते वेगळंच. म्हणून बादली-तांब्यानेच आंघोळ करायची असली तरी बादली टबात ठेवायची, शॉवर घेताना पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत सोडायचं. टबाची कड गुडघ्याहून उंच आहे. आत रबरी चटई टाकली आहे आणि भिंतीला दांडी बसवली आहे. धरायचं ते दांडीला, पडद्याच्या नळीला नाही, ती वजन घेत नाही. दिव्याचं बटण भिंतीवर सापडणार नाही, छतातून दोरी लोंबते ती ओढायची. आंघोळीनंतर दार लावून पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या.

हा पंखा का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते. तीच हवा गार काचेला किंवा गार भिंतीला लागली की वाफ मावेनाशी होते आणि तिथे पाणी सुटतं. सातारच्या घरात खिडक्या दिवसभर उघड्या असतात, वाफ निघून जाते. इथे थंडीत सगळं गच्च बंद, त्यामुळे आंघोळ, भात, कुकर, चहा, आपला श्वास, सगळ्यांची वाफ घरातच फिरते आणि सगळ्यात गार कोपरा गाठते. तो बहुधा उत्तरेकडच्या भिंतीजवळचा, कपाटामागचा. महिन्याभरात तिथे काळे ठिपके दिसायला लागतात. ती बुरशी. दम्याला वाईट, आणि आई, तुझ्या खोकल्यालाही.

म्हणून सकाळी उठल्यावर दोन गोष्टी. खिडकीच्या काचेवर पाणी जमलं असेल तर फडक्याने पुसून फडकं सिंकमध्ये पिळायचं. मग वरच्या खोल्यांच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या. थंडी वाजेल, पण एवढ्या वेळात हवा बदलते आणि भिंती गार होत नाहीत. खिडकीच्या चौकटीत वर बारीक झडप आहे, ती कायम उघडीच असू द्या, गार हवा येते म्हणून कागद कोंबू नका. कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटं लांब ठेवले आहेत ते तसेच राहू देत. ठिपके दिसलेच तर कोरड्या झाडूने घासायचे नाहीत, बुरशी हवेत उडते. हातमोजे घालून, खिडकी उघडून, बुरशीच्या फवाऱ्याने पुसायचे. त्या फवाऱ्यात ब्लीच असतं, त्यात व्हिनेगर किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

कपडे हा सगळ्यात मोठा प्रश्न. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो, अंगणातल्या दोरीवर काही वाळत नाही. मशीनमधून निघालेल्या एका घाण्यात दोन लिटरच्या आसपास पाणी उरलेलं असतं, ते सगळं घरातच सुटतं. रेडिएटरवर कपडे पसरायचे नाहीत. खोली तापत नाही आणि वाफ दुप्पट वेगाने भिंतीला लागते. मागच्या लहान खोलीत घडीचा स्टँड आणि ओल शोषणारं यंत्र ठेवलं आहे. दार-खिडकी बंद करून ते चालू करायचं, टाकी भरली की यंत्र आपोआप थांबतं, पाणी ओतून पुन्हा लावायचं. एका दिवशी एकच घाणा. आई, साड्या आणि चादरी एकाच दिवशी धुवायचा मोह टाळ.

आता बाबा, बॉयलर. तो स्वयंपाकघरातल्या उंच कपाटात आहे, गॅसवर चालतो. रेडिएटर तापवणं आणि नळाला गरम पाणी देणं, दोन्ही तोच करतो, टाकी नाही. म्हणून कुणी शॉवर घेत असेल तर खालचा गरम नळ सोडू नका, वर पाण्याची धार कमी होते. खालच्या गोल तबकडीवर पाण्याचा दाब दाखवणारा काटा आहे. यंत्र गार असताना तो १ आणि १.५ च्या मध्ये हवा. तापल्यावर थोडा वर जातो, ते ठीक. १ च्या फार खाली गेला तर बॉयलर बंद पडू शकतो. अशा वेळी खाली जाळीदार वेष्टनाची जी लवचिक नळी आहे तिच्या दोन्ही तोट्या हळूहळू उघडायच्या, पाणी शिरल्याचा आवाज येतो, काटा १.३ वर आला की दोन्ही घट्ट बंद. एखादी अर्धवट उघडी राहिली तर दाब ३ पर्यंत चढतो आणि बाहेरच्या तांब्याच्या नळीतून पाणी गळायला लागतं. दर आठवड्याला भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, मला सांगा.

रेडिएटर वर गार आणि खाली गरम लागला तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून तो गार होऊ द्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळीला पितळी किल्ली लावून अर्धा फेरा डावीकडे. फुसफुस आवाज येईल, खाली फडकं धरा, पाण्याचा थेंब दिसला की लगेच बंद. मग बॉयलरचा काटा पाहायचा, तो उतरलेला असतो. उलट वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर गाळ साचला आहे, त्याला माणूसच बोलवावा लागतो.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड करून बंद पडला तर बहुतेक वेळा बाहेर जाणारी पांढरी प्लास्टिकची नळी गोठलेली असते. तिच्यावर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही, नळी तडकते. मग रीसेटचं बटण. बॉयलरचं झाकण मात्र कधीच उघडायचं नाही. ते काम गॅस सेफच्या, म्हणजे इथल्या गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीतल्या, माणसाचंच. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. मीटरजवळची गॅसची मूठ नळीला आडवी केली की गॅस बंद होतो.

तापमान दिवसा २० ठेवा, रात्री १७. गॅसचं बिल वाचवायला तुम्ही ते खाली आणाल हे मला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच सांगते: तुमच्या वयाला दिवसा १८ च्या खाली घर नकोच. रक्तदाब वाढतो, छातीला त्रास होतो. त्यापेक्षा चार वाजता अंधार पडला की पडदे ओढून घ्या, त्याने खरी बचत होते.

फोडणी देताना शेगडीवरचा पंखा आधी लावायचा, धूर झाल्यावर नाही. स्वयंपाकघराचं दार बंद ठेवायचं, नाहीतर जिन्यातला धुराचा भोंगा वाजतो. वाजला तर खिडकी उघडून त्याचं मधलं बटण दाबा, बॅटरी काढू नका. नळाचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो, त्यात लिंबूसत्त्व घालून उकळी आणली की निघतो. आई, तुझा मिक्सर आण, वीज २३० व्होल्टचीच आहे. फक्त प्लग बदलावा लागेल. इथल्या प्रत्येक प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, ७५० वॅटच्या मिक्सरला ५ अँपिअरचा लागतो, तो मी आणून ठेवते. सामाईक भिंतीतून आवाज जातो, त्यामुळे वाटण सकाळी आठनंतर.

पाणी फुटलं तर आधी सिंकखालच्या कपाटातला मुख्य कॉक घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करायचा, मग मला फोन.

बाबा, बागेत काम कराल तेव्हा एक सांभाळा. भिंतीच्या तळाशी भोकाभोकांच्या विटा दिसतील. त्यातून लाकडी जमिनीखाली वारा खेळतो आणि तुळया कोरड्या राहतात. तिथे माती, कुंड्या, पाचोळा साचू द्यायचा नाही. भिंतीत ओल चढू नये म्हणून घातलेला थर जमिनीपासून वीतभर वर आहे, माती त्याच्यावर गेली की ओल थर ओलांडून आत येते. वाफा भिंतीपासून दीड हात लांब करा.

पुढचं दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं. कचऱ्याचा डबा फुटपाथवर ठेवायला गेलात तरी किल्ली खिशात हवी. डबे आदल्या रात्री काढायचे, कुठल्या आठवड्यात कुठला ते फ्रिजवर लावलंय. सकाळी पायरीवर हिम असेल तर मीठ टाकून थांबा, मगच बाहेर पाऊल.

बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, कार्ड टेकवायचं. दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, मंडळ १९३२ पासूनचं, शनिवार-रविवारी आपण जाऊ.

तब्येतीचं काही विचारायचं असेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर पाहुण्यांना बिल येतं, म्हणून प्रवासाचा विमा आधीच्या आजारांसकट घ्यायचा, बीपी-साखर लपवायची नाही. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. त्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आणि तिचा फोटो या आठवड्यात मला पाठवा.

तुमची,
मुग्धा