यादीत तू होतास
कोल्हापूर, मंगळवार रात्र

प्रिय सुन्या,

सहा महिने ना पत्र, ना फोन. रागावला असशील. तब्येत बरी, आईचा गुडघाही बरा. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

एका पतसंस्थेसाठी दुबार सभासद शोधणारा प्रोग्राम लिहिलाय. नावं ८५ टक्क्यांवर जुळली की खाती एक. चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. दुपारी एक म्हातारी आली. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक टेबलावर ठेवलं नि म्हणाली, "माझं नाव कुठं गेलं, बाळा?" ती शांताबाई, जाऊ कांताबाई. आडनाव, गाव, घर एकच.

रात्री हातानं मोजत बसलो. लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ साली मांडलेलं अंतर म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं बदलावी, घालावी, काढावी लागतात ते. संगणक काना, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं धरतो. शांताबाई आठ चिन्हांची, फरक एकाचा: साम्य ८७.५. आणि पाटील-पाटिल? पाच चिन्हं, फरक एकाचा: ८०. दोन बायकांची एक झाली नि एका पाटलाचे दोन! कटऑफ कुठंही ठेव, एक चूक राहतेच. सुरुवातीच्या अक्षरांना झुकतं माप देणारी जारो-विंकलर पद्धत लावली, तिथंही त्या दोघी जावाच पुढं: त्या ९१.७, पाटील ९०.७. आणि माझ्या चाचण्यांत काय, तर इंग्रजी 'kitten-sitting, अंतर ३'. मराठी नाव एकही नाही. चूक माझीच.

अकरावीत तुझी शिष्यवृत्ती माझ्या नावावर पडली होती. दोन महिने बोलला नाहीस. रंकाळ्यावर पैसे हातात ठेवले तेव्हा म्हणालास, "पैशाचं नाही रे, यादीत मी नव्हतोच." ते मला आज कळलं, भावा.

शांताबाईंचं खातं संध्याकाळीच वेगळं केलं. आता ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाला पाचवा हिस्साच धरतो. पाटील ९६ वर गेले, जावा जिथल्या तिथं, कटऑफ ९०. 'कऱ्हाड'मधला ऱ कधी एका चिन्हाचा असतो, कधी र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असा दोन चिन्हांचा, डोळ्याला दिसतो सारखाच. म्हणून आधी एकरूप करून घेतो. दोन्ही रकाने रिकामे असले की शून्यानं भागाकार व्हायचा, त्याचीही चाचणी घातली. आणि माणसानं बघितल्याशिवाय खाती एक करायची नाहीत. आधी जोडलेली सगळी उद्यापासून एकेक तपासतोय.

वहिनींची बदली झाली का? पिंट्याचं दहावीचं वर्ष, त्याला ओरडू नकोस.

तुझ्या वर्गातली अशी फसवी नावं पाठव, आडनावं गाळून. पहिली जोडी मी घातलीय: सुनील, सुशील. उत्तर: वेगळे.

तुझा,
सुशील