आकाराचा रकाना आणि हेलीबरीचा वर्ग

सावदा, ता. रावेर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

अर्थशास्त्रात पीएचडी करायची, पण विषय अर्थशास्त्राचाच इतिहास, हे तू फोनवर सांगितलंस. हे शास्त्र उभं कसं राहिलं, त्याच्या प्राध्यापकीच्या खुर्च्या, परिषदा, नियतकालिकं कोणी सुरू केली, पैसा कोणी दिला, ‘अर्थतज्ज्ञ’ म्हणून कोणाला मान मिळाला, हे शोधायचं. आईला काळजी लागली की पुढे नोकरीचं काय. मला फार आनंद झाला. कॉलेजात मागणी-पुरवठ्याचे वक्र शिकवण्यात माझी नोकरी सरली, पण हा प्रश्न अभ्यासक्रमात कधी आला नाही.

सुरुवात घरच्या सातबाऱ्यापासून कर. क्षेत्राजवळ ‘आकार’, म्हणजे त्या जमिनीवर बसवलेला सरकारी सारा, असा रकाना आहे, त्यात थोडे रुपये-पैसे लिहिलेले असतात. त्यामागची गोष्ट इंग्लंडमधल्या एका वर्गापर्यंत जाते. ईस्ट इंडिया कंपनीनं हिंदुस्थानात पाठवायच्या अधिकाऱ्यांसाठी हेलीबरीचं कॉलेज काढलं आणि 1805 मध्ये लोकसंख्येच्या सिद्धांतासाठी ओळखल्या जाणाऱ्या माल्थसला तिथे इतिहास व अर्थशास्त्र शिकवायला नेमलं. अर्थशास्त्राची ब्रिटनमधली ही पहिली प्राध्यापकी मानतात. ती दिली एका व्यापारी कंपनीनं, हे विसरू नकोस.

त्या वर्गात शिकलेला प्रिंगल हा कंपनीचा अधिकारी मुंबई इलाख्यात आला आणि 1820 च्या दशकाच्या शेवटी पुण्याकडच्या जमिनींची आकारणी करायला लागला. सोबत इंग्लंडच्या रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत होता: हलक्या जमिनीपेक्षा चांगल्या जमिनीत जे जास्तीचं उरतं, तोच तिचा खंड. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याचा 55 टक्के सरकारचा. पण कोणत्या रानात किती पिकतं आणि खर्च किती येतो, हे खरं सांगणार कोण? आकडे फसवे निघाले, त्यात धान्याचे भाव पडले, सारा झेपेना म्हणून लोक गावं सोडून गेले. 1835 पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्यानं मोजणी केली, तेव्हा निव्वळ नफ्याचं गणित त्यांनी बाजूला ठेवलं.

त्यांची रीत बघण्यासारखी आहे. कारकून शेताचे भाग पाडायचा आणि प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते बघायचा. मग रंग आणि पोत. चुनखड निघाली, वाळू मिसळलेली असली, रान उताराचं असलं, की एकेक दोष धरून माती खालच्या वर्गात टाकायची. खोल काळी जमीन सोळा आणे, बाकीच्या तिच्याखाली. शेतकऱ्याला हे डोळ्यांनी दिसत होतं, त्यावर भांडता येत होतं.

तरी मोजणी खानदेशात आली तेव्हा 1852 साली याच सावदा-फैजपूर पट्ट्यात हजारो लोक तिच्याविरुद्ध जमले. सारा वाढणार ही धास्ती होती. फौज आणून, पुढाऱ्यांची धरपकड करून सरकारनं ते मोडलं. तुझ्या प्रबंधात हेलीबरीचा वर्ग येईलच, हा जमावही आला पाहिजे. त्याच्याशिवाय तो इतिहास अर्धा.

अ‍ॅडम स्मिथ नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि रिकार्डो शेअर दलाल. पुढे अमेरिकेत 1885 मध्ये अर्थशास्त्रज्ञांची संघटना झाली, ब्रिटनमध्ये 1890 मध्ये, आणि 1903 मध्ये मार्शल या प्राध्यापकानं केंब्रिजला अर्थशास्त्राची स्वतंत्र पदवी परीक्षा सुरू करून घेतली. तिथून पुढे कोण आत आणि कोण बाहेर, हे पदवी ठरवू लागली. आपल्याकडे दादाभाई मुळात गणिताचे प्राध्यापक, रानडे न्यायाधीश. इंग्लंडचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे रानड्यांनी 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात मांडलं. भारतीय अर्थशास्त्र परिषद 1917 ची, पुण्याची गोखले संस्था 1930 ची. पण जोतीराव फुल्यांनी 1883 मध्येच शेतकऱ्याचा सारा, कर्ज, सावकार आणि कारकून यांचा हिशेब लिहून ठेवला होता, आणि आमच्या वर्गात ते मराठीच्या तासाला यायचं. ते अर्थशास्त्रच आहे, असं मी ठामपणे म्हणतो. ते दाराबाहेर का राहिलं, हा तुझ्यासाठी चांगला प्रश्न आहे.

एका बाबतीत मात्र सांभाळ. खुर्ची कंपनीची होती म्हणून खुर्चीवरचा बोलला ते सगळं खोटं, असं धरून चालू नकोस. आजही केळीच्या बागायतीचा खंड आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरडवाहूचा खंड यांत मोठा फरक पडतो. तो का पडतो, हे रिकार्डोनं बरोबर ओळखलं होतं. त्याच सिद्धांतानं सारा बसवायला गेले तेव्हा रयत बुडाली, हेही तितकंच खरं. विचार कुठून आला आणि तो बरोबर आहे का, हे दोन प्रश्न वेगळे ठेव. ही दोन्ही कामं प्रामाणिकपणे करणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुट्टी काढून घरी ये. त्या सुमाराला सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांची, सालं ठरतात. रोख किती, धान्य किती, आगाऊ उचल किती, ते समोर बसून ऐक आणि लिहून घे. त्याच आठवड्यात आपण भूमी अभिलेखच्या कार्यालयात अर्ज करून आपल्या गटाचा जुना आकारबंद, म्हणजे क्षेत्र आणि आकाराची सरकारी नोंद, काढू. ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ठेव. आईनं कळण्याचं पीठ कुरियरनं पाठवलंय, मिळालं की फोन कर.

तुझे,
अण्णा