१९३९ साली ती संघटना उरलीच नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पश्चिम बेलारूसमधल्या भूमिगत तरुण कम्युनिस्टांवरचा लेख वाचला. या विषयावर मराठीत कुणी लिहितं, याचाच आधी आनंद झाला. शेवट मात्र खटकला. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा आल्या आणि ही युवक संघटना उजेडात आली, असं लेखक म्हणतात. उजेडात यायला ती शिल्लक कुठे होती? १९३८ मध्येच ती बरखास्त झाली होती, आणि तीही पोलिश पोलिसांच्या हातून नव्हे, तर मॉस्कोतल्या कॉमिन्टर्नच्या, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मध्यवर्ती संघटनेच्या हुकमानं. पोलंडचा कम्युनिस्ट पक्ष, त्याचाच भाग असलेला पश्चिम बेलारूसचा पक्ष आणि ही पोरंपोरी, सगळ्यांचा निकाल एकदमच लागला. आरोप काय, तर पक्षात पोलंडचे हेर घुसलेत!

१९२१ च्या रीगा तहानं बेलारूसचे दोन तुकडे झाले. पश्चिमेचा तुकडा पोलंडकडे गेला, आणि तिथे जानेवारी १९२४ मध्ये ही संघटना गुपचूप उभी राहिली. लेखात तिला सरळ ‘मॉस्कोचं बाहुलं’ म्हटलंय. हुकूम पलीकडून येत होते, हे मलाही मान्य आहे. पण १ मेच्या आदल्या रात्री तारेच्या खांबांवर लाल फडकी टांगायला निघणाऱ्या खेड्यातल्या पोराला कॉमिन्टर्नचं काय कळत होतं? त्याला जमीन हवी होती आणि बंद पडलेली बेलारूसी शाळा परत हवी होती. त्याच मागण्या उघडपणे मांडणाऱ्या ‘ह्रमादा’ या बेलारूसी शेतकरी-कामगार संघटनेचे दोन वर्षांत लाखावर सभासद झाले, आणि १९२७ मध्ये सरकारनं तिच्यावर बंदी घातली.

लेखानं या संघटनेतल्या सर्गेइ प्रितित्स्कीच्या पिस्तुलाला अर्धं पान दिलंय. जानेवारी १९३६ मध्ये विल्नियसच्या भर कोर्टात त्यानं फितुरावर गोळ्या झाडल्या, फाशीची शिक्षा झाली, निदर्शनं झाल्यावर ती जन्मठेपेवर आली. प्रसंग आहेच तसा, रंगवून सांगण्याजोगा. पण वेरा खारुझाया एका ओळीत आटोपली, याचं वाईट वाटलं.

वेराला १९२४ मध्ये सोव्हिएत बाजूनं सीमेपलीकडे पाठवलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. युवक संघटनेची ती सचिव झाली. १९२५ मध्ये ब्यालिस्तोकला पकडली गेली आणि सात वर्षं पोलिश तुरुंगांत काढून १९३२ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत परत आली. आणि १९३७ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी तिला धरलं. आरोप पोलंडसाठी हेरगिरीचा! ज्यांच्या तुरुंगात सात वर्षं काढली, त्यांचीच म्हणे ही हेर. दोन वर्षांनी निर्दोष सुटली. १९४२ मध्ये वीतेब्स्कला भूमिगत काम करत असताना नाझींनी तिला पकडलं आणि ठार केलं.

तारश्केविचचं नशीब त्याहून वाईट. १९१८ मध्ये बेलारूसी भाषेचं व्याकरण लिहिणारा हा माणूस पुढे ह्रमादाचा नेता झाला. १९३३ मध्ये पोलंडनं त्याला सोव्हिएत संघाच्या हवाली केलं आणि बदल्यात तिथल्या सोलोवकीच्या कैदी-छावणीत खितपत पडलेला नाटककार अल्याख्नोविच घेतला. १९३८ मध्ये तारश्केविचला गोळी घातली गेली. अल्याख्नोविचची सुटका झाली, तारश्केविचची मात्र सुटकेनंतर शिकार झाली.

माझी भाची मिन्स्कला डॉक्टरकी शिकते. भाजी आणायला ती कमारोवका बाजारात जाते, तो बाजार वेराच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. मी विचारलं तर म्हणाली, ‘मावशी, पाटीवर वेरी लिहिलंय, वेरा नाही.’ अगं, ती विभक्ती! आपल्या ‘घोडा’चं ‘घोड्याचा’ होतं, तसंच ते. तिला मी वेराची सगळी हकिकत फोनवरच सांगितली. तिचे दोनही तुरुंग ऐकल्यावर म्हणाली, ‘इथे कुणी दुसऱ्या, सोव्हिएत तुरुंगाबद्दल बोललंच नाही.’

लेखकांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. दुरुस्ती छापाल तेव्हा एवढंही घ्यावं: फेब्रुवारी १९५६ मध्ये सोव्हिएत, पोलिश, इटालियन, बल्गेरियन आणि फिनिश या पाच पक्षांनी संयुक्त निवेदन काढून १९३८ ची ती बरखास्ती निराधार होती, असं कबूल केलं. तोवर तारश्केविचला जाऊन सतरा वर्षं उलटली होती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सांगली