'कायदा मंजूर' छापण्याआधी

संपादक महोदय,

अधिवेशन सुरू झाले की 'अमुक कायदा मंजूर' असे मथळे रोज दिसतात. त्याआधी 'मंत्रिमंडळाची कायद्याला मंजुरी' हेही छापून येते. मंत्रिमंडळ मंजूर करते तो मसुदा, सभागृह मंजूर करते ते विधेयक. कायदा त्याच्याही पुढे होतो, आणि कधी कधी होतच नाही. हा शब्दांचा कीस नाही. बातमीच्या भरवशावर माणूस पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात जातो, 'असं काही आमच्याकडे आलेलं नाही' हे ऐकून परत येतो आणि कर्मचारी टाळाटाळ करतो असे समजतो. अशा वेळी कर्मचाऱ्याचे म्हणणे खरे असू शकते.

'शक्ती'चेच पाहा. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारे हे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले आणि तेव्हापासून 'शक्ती कायदा' हे नाव रूढ झाले. पण तो कायदा झालाच नाही. फौजदारी कायदा हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात असा विषय. तिथे केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद राज्यात टिकवायची, तर अनुच्छेद २५४(२) नुसार विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवावे लागते आणि त्यांची अनुमती मिळावी लागते. ती मिळाली नाही. दरम्यान ज्या भारतीय दंड संहितेत दुरुस्ती करायची होती, तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. 'शक्ती कायद्याची अंमलबजावणी का होत नाही' हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या जागी विचारला जातो. नसलेल्या कायद्याची अंमलबजावणी कोण करणार?

अनुमतीला किती काळ लागू शकतो, हे महाराष्ट्र प्राणी रक्षण (सुधारणा) अधिनियमावरून कळते. (अधिनियम म्हणजे अनुमती मिळून कायदा झालेले विधेयक.) त्याच्या नावात साल आहे १९९५, पण अधिनियम क्रमांक आहे २०१५ चा. मधली सगळी वर्षे ते केवळ विधेयक होते. राज्यपालांपुढे अनुच्छेद २०० प्रमाणे तीन वाटा असतात : अनुमती देणे, पुनर्विचारासाठी परत पाठवणे (धन विधेयक, म्हणजे कर व सरकारी खर्चाचे विधेयक, परत पाठवता येत नाही) किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणे. यासाठी संविधानात दिवसांची मुदत नाही आणि न्यायालयही सरसकट मुदत ठरवून देऊ शकत नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. म्हणूनच विधेयक कुठे थांबले आहे याचा पाठपुरावा वृत्तपत्रांनी करणे फार गरजेचे आहे.

अनुमतीनंतरही एक पायरी उरते. अधिनियमाच्या पहिल्याच कलमात 'शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास अंमलात येईल' असे असेल, तर ती अधिसूचना निघेपर्यंत तरतुदी निजलेल्या राहतात. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीतले प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेविषयीचे (गुन्हा घडण्याआधीच डांबून ठेवण्याविषयीचे) कलम ३ असेच अधिसूचनेविना पडून आहे. अंमलाची तारीख दिलेलीच नसेल, तर केंद्राचा अधिनियम राष्ट्रपतींच्या अनुमतीच्या दिवशी लागू होतो. राज्याचा मात्र राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची अनुमती राजपत्रात प्रथम प्रसिद्ध होते त्या दिवशी. हा फरक बातम्यांत अनेकदा सुटतो.

'विधेयक परिषदेत अडकले' हा मथळाही जपून वापरावा. विधान परिषदेला साधे विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना रोखता येते, धन विधेयक फक्त चौदा दिवस. राज्यात दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची तरतूदच नाही. ती सोय संसदेपुरती आहे.

सभागृहे भरलेली नसताना राज्यपाल काढतात त्या अध्यादेशाबाबत तर अधिक काटेकोर असायला हवे. तो प्रख्यापित (जारी) होताच कायद्याइतकाच बंधनकारक असतो, पण सभागृहे पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची मुदत संपते. दोन्ही सभागृहे वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरची तारीख धरायची. जादूटोणाविरोधी अध्यादेश ऑगस्ट २०१३ मध्ये निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचे विधेयक मंजूर झाले. ही झाली योग्य रीत. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून, काही तर चौदा वर्षांपर्यंत, जिवंत ठेवले गेले. हे शोधून सर्वोच्च न्यायालयात नेले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. १९८६ च्या निकालात न्यायालयाने या प्रकाराला संविधानाशी केलेली फसवणूक म्हटले. अध्यादेशाची बातमी देताना तो कधी संपणार हे लिहिले, तर असे प्रकार वेळीच नजरेत येतील.

शासन निर्णय हा तर कायदा नव्हेच. तो कार्यकारी अधिकारातून निघतो, अधिनियमाला किंवा त्याखालील नियमांना छेद देऊ शकत नाही. ओळखायलाही सोपा : त्यावर अठरा अंकी संकेतांक असतो आणि त्यातले पहिले आठ अंक तारखेचे असतात.

विनंती एवढीच, की अशा प्रत्येक बातमीच्या शेवटी दोन ओळी द्याव्यात : विधेयकाचा क्रमांक व ते आज कोणापुढे आहे, आणि कायदा झाला असल्यास अधिनियम क्रमांक, राजपत्राची तारीख व अंमलाचा दिनांक. अंमलाचा दिनांक ठरलेला नसेल, तर 'अद्याप लागू नाही' हे तीन शब्द ठळक छापावेत.

आपला,
विधिमंडळ कामकाजाचा अभ्यासक, पुणे