चौथ्या मजल्यावरच्या बाईंना, करवंदांच्या जेलीबद्दल

बाई, नमस्कार.

समोर येऊन आभार मानले तर "बरं बरं, गॅस बंद केलास ना?" म्हणून तुम्ही दार लावून घ्याल, हे ठाऊक असल्यामुळे लिहितोय. आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आमच्या सोसायटीत तुमची ओळख ओल्या-सुक्या कचऱ्यावरून भांडणाऱ्या बाई एवढीच आहे. ग्रुपवर कुणीतरी त्यावरून तुमची टिंगल केली तेव्हा मीही एक हसरा चेहरा टाकला होता. तुम्ही तो पाहिला असणारच. तुम्ही विषय कधी काढला नाहीत, म्हणून मीच काढतो. चुकलं माझं.

गोष्ट मे महिन्यातली. लेक पावाला दुकानातली लालभडक जेली फासत होती आणि मी उगाच बढाई मारली की याच्यापेक्षा चांगली मी करून देतो, करवंदांची. माझं लहानपण मुरबाडकडचं. करवंदं म्हणजे जाळीत हात घालून कोपरापर्यंत ओरखडे काढून घ्यायचे, मग फळ दाताने फोडून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आजी कच्च्यांचं लोणचं घालायची. जेली आमच्या वाडीत कुणी पाहिलीही नव्हती. पण मोबाइलवरच्या एका बाईने सात मिनिटांत करून दाखवली म्हटल्यावर मला काय अवघड!

इथे ठाण्यात गावदेवी मार्केटच्या बाहेर आसनगावहून लोकलने येणाऱ्या एक मावशी पळसाच्या पानांवर करवंदं मांडून बसतात. त्यांच्याकडून किलोभर घेतली, काळीभोर, टपोरी, एकेक निवडून. मावशी वैतागल्या, पण मी गिऱ्हाईक. घरी येऊन शिजवली, पिळली, साखर घातली, बाटली फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी सरबत. दुसऱ्या खेपेला हट्टाने आटवत बसलो, तर चमचा उभा राहिला आणि मग निघेचना. बायको म्हणाली, "चिक्की छान जमलीय." तिसऱ्या वेळी पुन्हा सरबत, तेही गढूळ. रात्री साडेदहाला कुणी बघत नाही असं पाहून मी ती बाटली झाकणासकट जिन्याखालच्या हिरव्या डब्यात टाकायला निघालो.

आणि तुम्ही तिथे.

"काच? ओल्या कचऱ्यात?"

मी काहीतरी पुटपुटलो. तुम्ही बाटली हातातून घेतलीत, ट्यूबलाइटसमोर धरून तिरकी केलीत, पुन्हा सरळ केलीत. रस कडेवरून कसा ओघळतो ते बघत होतात. मी आपला पुढच्या बोलण्याची वाट पाहत उभा.

"करवंदं. पिकलेली घेतलीस. आणि फडकं पिळलंस."

बाई, मी कुठे काय चुकलो ते तीन वाक्यांत सांगणारं माणूस मला आजवर ऑफिसातही भेटलं नव्हतं. तुम्ही तीस वर्षं गृहविज्ञान शिकवलंत हे तेव्हा कळलं. एका जिन्याने वर-खाली करत नऊ वर्षं काढली आपण.

दुसऱ्या दिवशी मावशींकडे जाऊन म्हटलं, कच्ची द्या, गुलाबी झालेली, कडक, आणि थोडीशीच काळी. त्यांनी वर पाहिलं. "आता लोनचं घालतोस का दादा? का पुन्ना सरबत?" म्हणजे बातमी तिथपर्यंत गेलेली होती, ती मीच सांगितलेली. येऊरला जाऊन फुकट तोडून आणतो असं मी आदल्या रात्री म्हणालो होतो, तेव्हा तुम्ही जे बघितलंत ते अजून आठवतं. "ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथली बुलबुलांना राहू दे. मावशीला पैसे दे."

तीन वाटे अर्धकच्ची, एक वाटा पिकलेली, हे तुमचं प्रमाण. पिकलेली रंगाला आणि वासाला, कच्ची जेली धरायला. फळ पिकतं तसं त्यातलं पेक्टिन, म्हणजे जेली धरून ठेवणारा पदार्थ, तुटत जातं, म्हणूनच तर ते मऊ होतं, आणि आंबटपणाही उतरतो. मी जी एकेक निवडून घेत होतो त्यांच्यातच जेलीचा जीव सर्वांत कमी. हे ऐकून मला आधी मावशींची आठवण झाली. मी टोपलीत मागे टाकलेली ती गुलाबी, आंबटढाण करवंदंच कामाची होती.

चिकाचं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, तरी मी तेल न लावता हात घातलाच. बोटं चिकटली तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की करवंद कण्हेरीच्या कुळातलं, देवचाफा आणि सदाफुलीही त्याच घरातली, चीक येणारच. मग खोबरेल चोळून बोटं सोडवली. करवंदं मिठाच्या पाण्यातून काढली, चिरा दिल्या, स्टीलच्या पातेल्यात जेमतेम बुडतील इतकं पाणी. माझं ॲल्युमिनियमचं पातेलं तुम्ही काही न बोलता उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलंत. आंबट रसाला ते चालत नाही. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, मग डावाच्या पाठीने दाबून मऊ करायची आणि मलमलच्या फडक्यात ओतून पुरचुंडी नळाला टांगायची.

आणि हात लावायचा नाही. ही परीक्षा खरी कठीण. रात्रभर टप टप ऐकत पडलो होतो. दोनदा उठलो. पिळलं असतं तर वाटीभर रस जास्त निघाला असता आणि बारीक गर उतरून सगळं पुन्हा गढूळ. सकाळी पातेल्यात गडद लाल रस होता, इतका स्वच्छ की तळाचा कंपनीचा शिक्का वाचता येत होता.

मग तुम्ही तुमची स्पिरिटची बाटली घेऊन खाली आलात. मला वाटलं कुणाला इंजेक्शन द्यायचंय. काचेच्या पेल्यात चमचाभर गार रस, त्यावर तीन चमचे स्पिरिट, हलकेच एकदा फिरवून बाजूला ठेवलंत. लेक नाक ओट्याला टेकवून बघत होती. दोनेक मिनिटांनी पेला तिरका केलात तर आत पेक्टिनची एक अख्खी, पारदर्शक गुठळी, चमच्याने उचलता येईल अशी. "एकच गोळा आला, म्हणजे रसाइतकीच साखर. तुकडे आले असते तर पाऊण वाटी. नुसता भुगा आला असता तर लोणचं घाल म्हणाले असते." पेला लगेच मोरीत रिकामा केलात, कारण ते स्पिरिट पोटात जाता कामा नये, आणि माझ्या लेकीकडे बघून हे दोनदा सांगितलंत. ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली या पदार्थाला पेक्टिन हे नाव दिलं, हेही तिथेच, नळाखाली पेला विसळता विसळता. मला साल परीक्षेत विचारणार आहात की काय असं वाटून गेलं.

तीन वाट्या रस, तीन वाट्या साखर, पसरट पातेलं, मोठी आच. फार वेळ उकळलं की पेक्टिन मोडतं आणि घट्टपणा येतो तो नुसत्या पाकाचा. माझी 'चिक्की' तिथे समजली. फेस काढत राहायचा. पाणी उकळतं त्याच्यापेक्षा चार-पाच अंश वर गेलं की झालं, इथे ठाण्यात एकशे चार-पाच. महाबळेश्वरला करशील तर आकडा कमी धर, असं सांगून तुम्ही थर्मामीटर मागितलात आणि माझ्याकडे फक्त तापाचा निघाला.

म्हणून डाव. तो क्षण मला नीट लिहायचाय. डाव आडवा धरला की आधी कडेवरून थेंब सुटे पडत होते, पाण्यासारखे. मग जरा जड झाले. मग दोन थेंब कडेलाच थबकले, एकमेकांकडे सरकले, एक झाले आणि पडद्यासारखे एकत्र सुटले. तुम्ही "बंद!" म्हणालात तेव्हा माझा हात आधीच बटणावर होता. बाई, तुम्ही हसलात तेव्हा. नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

उकळून गरम ठेवलेल्या बाटल्यांत भरली. हलवू नकोस म्हणालात, तर लेकीने "बाबा हलवू नका" अशी चिठ्ठीच चिकटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली आडवी केली. जेली हलली नाही, नुसती थरथरली. सुरी घातली तर कड उभी राहिली. चव आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी जिभेच्या मागे तो करवंदाचा तुरटपणा, जाळीतून ओरखडे खाऊन काढलेल्या फळाचा.

तुम्हाला पाठवलेल्या बाटलीवर तुमचा निरोप आला, "साखर अर्धी मूठ कमी चालली असती." मी वाट्या शिगोशीग भरल्या होत्या. फडक्यातला चोथा टाकू नको म्हणाला होतात, तो बिया काढून गुळात शिजवला आहे. पोळीबरोबर बरा लागतो. बायको म्हणते, चिक्कीपेक्षा बरा. मावशींनाही एक छोटी बाटली दिली. त्यांनी बोटाने चाखून पाहिली आणि शेजारच्या जांभळंवालीला म्हणाल्या, "करवंदाचीच हाय गं."

सरबताची ती काचेची बाटली धुऊन सुक्या कचऱ्यात टाकली, झाकण वेगळं. स्पिरिट मात्र अजून माझ्याकडेच राहिलंय, संध्याकाळी वर आणून देतो. दार लावून घेऊ नका.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा