कोयता दोघांचा, मग हिशोब एकाच्याच नावावर का?

मा. संपादक,

आमचा सांगली जिल्ह्यात थोडा ऊस आहे आणि दरवर्षी तोडीला बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी येते. यंदा जानेवारीत आमच्या फडाला तोड आली, पहाटे साडेतीनलाच कोयत्यांचा आवाज सुरू झाला, थंडी तर अशी की गोधडीतनं हात बाहेर काढवत नव्हता. सहाला चहा घेऊन गेले तर एक बाई वाढ्याचा (उसाच्या हिरव्या शेंड्याचा) बंध करून मोळी बांधत होती, नवऱ्यानं हात लावून ती मोळी तिच्या डोक्यावर दिली आणि ती फळीवरनं ट्रॉलीत चढली. फळी वाकत होती, पायात साधी स्लीपर, आणि खाली पाचटावर तिचं वर्षाचं लेकरू झोपलेलं.

चहा पिताना सहज विचारलं, तब्येत बरी आहे ना, तर म्हणाली, "पिशवी काढलीय ताई, हे लेकरू झाल्यावर. अंगावरून लई जायचं, अन खाडा पडला की पैशे कटतेत." पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस. वय विचारलं तर सत्तावीस-अठ्ठावीस असंल म्हणाली. माझ्या पुतणीएवढी पोरगी, आणि हे ती इतक्या सहज सांगत होती की मलाच पुढं काही बोलता येईना.

मग मी विचारलं, उचल (कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) किती घेतली गं यंदा? तर म्हणे, "ते त्यांनाच माहीत." दुपारी मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, वही घेऊन आला होता, त्या वहीत तिच्या नवऱ्याचं नाव आणि पुढं लिहिलेलं, एक कोयता. आता कोयता म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे, नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे बाई असल्याशिवाय कोयता पुराच होत नाही, पण उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, टनाचा हिशोब नवऱ्याच्या नावावर. त्या बाईनं सहा महिन्यांत किती टन ऊस डोक्यावरनं वाहिला हे कुठल्याही कागदावर नाही.

पिशवी काढायचा विषय 2019 मध्ये पेपरात खूप गाजला होता, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांचा सर्वे झाला आणि त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा बायकांमागं एक. त्यानंतर तिकडच्या खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, ते चांगलंच झालं. पण परवानगीनं ऑपरेशन थांबेल, कोपीशेजारी (राहायच्या झोपडीशेजारी) न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, दुखायला लागलं म्हणून एक दिवस बसलं तर खाडा लागतो, हे कसं थांबणार? आणि खाडा पडला की तो पुऱ्या कोयत्याला पडतो, म्हणजे बाई आजारी पडली की नवऱ्याचेपण पैसे जातात आणि दोष तिच्यावर येतो. माझ्या मते बायका दवाखान्याची वाट धरतात त्यामागं हे मोठं कारण आहे.

ऑफिसातल्या बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची बाळंतपणाची भरपगारी रजा आहे, आणि ती मिळायलाच पाहिजे. ही बाई मात्र सातव्या महिन्यात मोळी उचलते, कारण कारखान्याचा करार असतो वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा तिच्या नवऱ्याशी. तिचा करार कुणाशीच नाही, त्यामुळं रजा, फंड, विमा मागायचा तरी कुणाकडं? स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन द्यायचा कायदा 1976 मध्येच आला, पण जिचं वेतनच वेगळं मोजलं जात नाही तिला तो कायदा लावणार कसा. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवला तेव्हा मला बरं वाटलं होतं, पण ती वाढसुद्धा कोयत्यालाच मिळाली, बाईच्या हातात किती आली ते कुणी विचारलं का?

आम्ही ऊसवालेसुद्धा यातनं सुटत नाही. ऊस गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराची रक्कम, जमा झाली नाही की आमची माणसं रस्त्यावर बसतात, कायदाच तसा आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्याच बिलातनं कापला जातो, म्हणजे तिची मजुरी आमच्या उसाच्या पैशातनं जाते, आणि ती कुणाच्या हातात पडते हे आम्ही बघत नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा लग्नानंतर बावीस वर्षं त्याच रानात भांगलण करते, पाण्याच्या पाळीला रात्री जाते, पण सातबारा सासऱ्यांच्या आणि मालकांच्या (माझ्या नवऱ्याच्या) नावावर, कारखान्याचं सभासदत्व मालकांच्या नावावर, बिल त्यांच्याच खात्यावर. म्हणून तिचं "ते त्यांनाच माहीत" ऐकलं तेव्हा काळजात कळ आली, कारण बिलाचं विचारलं की मीपण हेच सांगते.

करायचं झालं तर अवघड काही नाही. मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या रजिस्टरात दोघांची नावं पाहिजेत, उचल देताना दोघांची सही किंवा अंगठा पाहिजे, आणि निम्मी मजुरी थेट बाईच्या खात्यावर गेली पाहिजे, आज खातं बहुतेकांचं आहे. बाईच्या आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा धरायचा नाही. टोळी जिथं उतरते तिथं पाणी, न्हाणीघर आणि संडास कारखान्यानं टोळी यायच्या आधी उभे करावेत, नंतर नको. एवढा मोठा कारखाना उभा करणाऱ्यांना चार पत्रे आणि एक टाकी जड नाही.

यंदाचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ही माणसं गावाकडं जातील आणि दिवाळीच्या सुमाराला परत येतील, त्याच्या आधी कारखान्याची वार्षिक सभा असते. मालकांशी बोलणं झालंय, हा विषय ते लेखी देणार आहेत. आमच्या भागातल्या ज्या बायका स्वतः सभासद आहेत त्यांनी त्या दिवशी घरी थांबू नका, सभेला या आणि हा विषय मांडा.

– एक ऊस उत्पादक महिला, जि. सांगली