तुझ्या यादीतल्या माणसांविषयी

चि. मुक्ता हीस,

अनेक आशीर्वाद.

तू निघालीस त्याच्या आदल्या रात्रीचा आपला वाद अर्धवट राहिला. सोमवारी तू नव्या नोकरीवर रुजू होशील, तेव्हा तो पुन्हा उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. पण जाता जाता तू मला क्रीडाव्यवसाय आणि क्रीडातंत्रज्ञानावर समाजमाध्यमांत लिहिणाऱ्यांची यादी पाठवलीस आणि खाली ‘बाबा, यातले कोण खरोखर वाचण्याजोगे आहेत ते सांगा’ असे लिहिलेस. रागावून गेलेल्या मुलीने हे विचारावे, याने मला फार बरे वाटले. तेव्हापासून मी त्या यादीतले एकेक नाव वाचतो आहे.

माझी एक काळजी आधीच लिहून टाकतो, म्हणजे ती सारखी मध्ये येणार नाही. हा माणूस आपल्याला जे फुकट सांगतो आहे, त्याचे पैसे त्याला कोण देते, हे प्रत्येक नावापुढे विचारत जा. तुला हा प्रश्न संशयी वाटतो, ते तू त्या रात्री बोलूनही दाखवलेस. पण मामाचे जे झाले ते तू डोळ्यांनी पाहिले आहेस, आणि त्याचीही सुरुवात अशाच एका हुशार, आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाच्या रोजच्या पोस्टपासून झाली होती. असो. मामाचा विषय मी काढणार नव्हतो.

२०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो, म्हणजे आभासी चलनाच्या, कंपनीने मायामी हीट या अमेरिकी बास्केटबॉल संघाच्या स्टेडियमला आपले नाव देण्यासाठी १९ वर्षांचा, १३.५ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा प्रायोजकत्वाचे नवे युग आले असे लिहिणाऱ्यांना तोटा नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून तुझ्या यादीतल्या प्रत्येकाच्या जुन्या पोस्ट उघडून पाहा. फॅन टोकन आणि एनएफटी, म्हणजे चाहत्यांना विकल्या जाणाऱ्या डिजिटल नाण्यांविषयी आणि डिजिटल मालकीपत्रांविषयी, तो २०२१ च्या अखेरीस काय लिहीत होता आणि वर्षभराने काय लिहू लागला, ते वाच. अंदाज चुकणे हा दोष नाही, कारण या क्षेत्रात सगळ्यांचेच अंदाज चुकतात. पण जुनी पोस्ट गुपचूप काढून टाकणारा आणि ‘माझे इथे चुकले, त्याचे कारण हे’ असे लिहिणारा, यांना मी एका पंक्तीत बसवणार नाही. हीच कसोटी १९ एप्रिल २०२१ या तारखेलाही लावून बघ. आदल्या दिवशी युरोपातल्या १२ बड्या फुटबॉल क्लबांनी सुपर लीग या आपल्या वेगळ्या स्पर्धेची घोषणा केली होती आणि तीन दिवसांच्या आत इंग्लंडच्या सहाही क्लबांनी अंग काढून घेतले. बायर्न आणि डॉर्टमुंड हे जर्मन क्लब यात का नाहीत, जर्मनीत क्लबमधली बहुमताची मते सदस्यांच्या हाती असण्याचा याच्याशी काय संबंध, हे ज्यांनी त्या गदारोळातच विचारले, त्यांना सोडू नकोस.

नावापुढच्या निळ्या खुणेवर जाऊ नकोस. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने एरवी ओळख पडताळून दिली जाणारी ती खूण मासिक वर्गणीवर विकायला काढली आणि लगेच बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या नावाचे एक बनावट अकाउंट, निळ्या खुणेसकट, आपण संघ बदलून मागितल्याचे सांगू लागले. जुलै २०२३ पासून तर पोस्टखालच्या उत्तरांमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा लिहिणाऱ्यांना मिळू लागला. म्हणजे लोक चिडून जितकी उत्तरे देतील तितकी त्याची कमाई वाढणार. पाहा, फिरून मी पैशांवरच आलो.

आता आनंदाचे लिहितो. तुझ्या यादीत स्विस रॅम्बल आणि किरन मॅग्वायर ही फुटबॉल क्लबांच्या हिशेबांवर लिहिणारी नावे पाहून मला तुझा अभिमान वाटला. ही माणसे मूळ कागदाकडे जातात. इंग्लिश क्लबांचे वार्षिक हिशेब तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य वाचता येतात, मँचेस्टर युनायटेड २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात असल्यामुळे त्यांना अहवाल जाहीर करावेच लागतात, आणि तरीही ते उघडून वाचणारे मोजकेच. २०२२-२३ च्या हंगामात चेल्सीने खेळाडूंना सात-सात, आठ-आठ वर्षांचे करार दिले तेव्हा सगळीकडे फक्त रकमांचा गाजावाजा होता. पण खेळाडूसाठी मोजलेली रक्कम हिशेबात कराराच्या वर्षांवर वाटली जाते. समजा, ८ कोटी पौंडांचा खेळाडू आठ वर्षांसाठी घेतला तर दर वर्षी १ कोटीच खर्ची पडतात, आणि पाच वर्षांसाठी घेतला तर १.६ कोटी. लांब करारामागची ही मेख ज्यांनी वेळीच उलगडून दाखवली, त्यांच्या वाचकांना २०२३ च्या उन्हाळ्यात युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेने ही वाटणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली तेव्हा आश्चर्य वाटले नसणार. आयुष्यभर ताळेबंद तपासलेल्या माझ्यासारख्याला असे काही वाचले की दिवस चांगला जातो.

आयपीएलचेही तसेच. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रसारणहक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाल्याची बातमी जून २०२२ मध्ये आली आणि बहुतेकांनी तो आकडाच पुढे ढकलला. ती रक्कम ४१० सामने धरून काढलेली आहे, आणि देशातले दूरचित्रवाणीचे हक्क एका कंपनीकडे तर डिजिटल हक्क दुसरीकडे गेले आहेत, हे थोड्यांनीच समजावून सांगितले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दोन कंपन्यांचे व्यवसाय एकत्र आले. मग पुढच्या लिलावात एकमेकांविरुद्ध बोली लावणार कोण, हे विचारणाऱ्याचे मी वाचतो. नुसत्या आकड्यापुढे उद्गारचिन्हे टाकणाऱ्याचे वाचत नाही.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत मला तुझ्याइतके कळत नाही, तरी तिथेही चांगला माणूस ओळखण्याची खूण फार वेगळी नसावी. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात ऑफसाइड, म्हणजे चेंडू पुढे दिला जाताना खेळाडू नियमापेक्षा पुढे होता का, हे ठरवण्यासाठी स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे होते, ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ पर्यंत बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. हे आकडे सगळ्यांनीच सांगितले. सेकंदाला आठ मीटर धावणारा खेळाडू दोन नोंदींच्या मध्ये १६ सेंटीमीटर पुढे सरकतो, मग त्या मधल्या अंतराचे यंत्र काय करते, आणि चेंडूला पाय लागल्याचा क्षण पकडायला वेगळा सेन्सर का लागतो, हे सांगणारा मला जास्त जवळचा वाटतो. गणितज्ञ डेव्हिड सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ ट्रॅकिंग’ या यूट्यूब चॅनेलवर फुटबॉलच्या डेटाचे विश्लेषण कोडसकट शिकवले, स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉल डेटा कंपनीने आपल्या डेटाचा काही भाग विनामूल्य खुला केला. ज्याचे म्हणणे आपण स्वतः पडताळून पाहू शकतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला मला भीती वाटत नाही.

हे लिहिताना ३ मार्च २००३ ची संध्याकाळ आठवली. डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि श्रीलंका यांच्या क्रिकेट विश्वचषकातल्या सामन्यावर पाऊस घोंगावत होता आणि तू चौकटीची वही मांडीवर घेऊन पावसाने खेळ थांबल्यास निकाल ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईस पद्धतीचा हिशेब माझ्याशी बोलत मांडत होतीस. बाउचरने मुरलीधरनला षटकार मारला आणि पुढचा चेंडू नुसता अडवला, कारण २२९ धावा जिंकायला पुरेशा आहेत असे त्यांच्याकडे समजत होते. ती बरोबरीची धावसंख्या होती. सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. तू पेन्सिलीने २२९ भोवती गोल काढलास आणि विचारलेस, ‘तक्ता बरोबर होता ना? मग त्यांनी कुणाचे ऐकले?’ शाळेत जाणाऱ्या मुलीचा हा प्रश्न होता. मी तो त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितला, आणि तुझी आई म्हणाली की आता पुरे.

त्या मुलीला मी कुणाचे ऐकावे हे शिकवायला निघालो आहे. एवढा उपदेश केल्याबद्दल रागावू नकोस.

पण आणखी एक सांगायचे आहे, आणि ते तुझ्या नोकरीशी जोडलेले आहे. या क्षेत्रातले उत्तम लिहिणारे कधीकधी एकाएकी गप्प होतात. बिल जेम्स १९७७ मध्ये एका कारखान्यात रात्रीची राखण करता करता बेसबॉलच्या आकड्यांवरचे लेखन स्वतःच छापून विकत होते. पंचवीसएक वर्षांनी बोस्टन रेड सॉक्सने त्यांना सल्लागार म्हणून घेतले आणि २००४ मध्ये तो संघ ८६ वर्षांनी अजिंक्य ठरला. फुटबॉलच्या आकडेवारीवर हौसेने लिहिणारेही असेच क्लबांनी उचलून नेले. नोकरी लागली की गोपनीयतेचा करार येतो आणि उघड लिहिणे थांबते. म्हणून तुझ्या यादीतल्या आज बोलणाऱ्यांइतकेच, दोन-चार वर्षांपूर्वी लिहून थांबलेल्यांचे जुने लेखन शोधून वाच. कोण कुणाकडे कामाला गेले, हेही त्यातून कळेल.

आणि आता तूही त्यांच्यातली होणार. तुला आतले कळेल आणि तू मला सांगू शकणार नाहीस. याचा मला अभिमान आहे, आणि फोनवर आपण आता काय बोलणार याची धास्तीही आहे.

स्वतः लिहिताना मात्र जप. ऑक्टोबर २०१९ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारे एक ट्विट केले आणि थोड्याच वेळात काढूनही टाकले. तरी चीनच्या सरकारी वाहिनीने एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे सामने सुमारे वर्षभर दाखवले नाहीत. त्यांचे चुकले असे मी मुळीच म्हणत नाही. मोरी यांच्यापाशी तोवर नाव होते, अनुभव होता. तू अजून नवी आहेस, एवढेच माझे म्हणणे.

ज्याच्यावरून आपण भांडलो, त्या माणसाचे मी आता बरेच वाचले आहे. त्याची भाषा चांगली आहे आणि लीगच्या मालकी हक्कांवरचे त्याचे दोन थ्रेड, म्हणजे सलग पोस्टच्या मालिका, खरोखर उत्तम आहेत, हे मी मान्य करतो. पण ज्या कंपन्यांचे तो कौतुक करतो त्यांतल्या कुणात त्याचा हिस्सा आहे की नाही, हे त्याने कुठेही लिहिलेले मला सापडले नाही. त्याला हवे तर वाच, पण त्याच्या सांगण्यावरून बचतीला हात लावू नकोस. तुझी पहिली मोठी बचत आहे ती. मला माहीत आहे की तू म्हणशील, ‘बाबा, मी मामा नाही.’ खरे आहे. मामाही कुणाचा तरी हुशार मुलगा होता.

यादी परत पाठवतो आहे. जी नावे मला आवडली त्यांच्यापुढे कारण लिहिले आहे, जी कळली नाहीत ती तशीच सोडली आहेत. त्यांच्याबद्दल तुझे मत सवडीने कळव. मामा पुढच्या महिन्यात तुझ्याकडे दोन दिवस राहायला येणार म्हणतो. त्याच्याशी खेळाविषयी खुशाल बोल, त्याला कुणाशी तरी बोलायला हवे असते. पैशांचा विषय मात्र त्याने स्वतःहून काढला तरच काढ.

आईने लोकरीचा स्वेटर वेगळा पाठवला आहे. पोहोचला की कळव.

तुझे,
बाबा